वेतोबाच्या चपला कोण शिवतं?

गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये कुरुडव्वा नावाची एक आंधळी म्हातारी आहे. नाटक तिचं नाही. नाटक राणीचं आहे, तिला दिवसभर कुलपात कोंडून रात्री रखेलीकडे जाणाऱ्या अप्पण्णाचं आहे आणि अप्पण्णाचं रूप घेऊन राणीकडे येणाऱ्या नागाचं आहे. कुरुडव्वा ही अप्पण्णाच्या आईची मैत्रीण. मुलगा कप्पण्णा तिला पाठीवर घेऊन गावभर हिंडवतो. कोंडलेल्या सुनेची दया येऊन ती तिला एक मुळी देते. नवऱ्याला खाऊ घाल, तो तुझा होईल, असं सांगते. राणी ती कालवणात घालते, कालवण रक्तासारखं लाल होऊन उकळू लागतं, ती घाबरते आणि सगळं वारुळात ओतून टाकते. वारुळातला नाग ते पितो आणि राणीवर भाळतो. तिथून पुढे गोष्टीला म्हातारीची गरज उरत नाही. मुळी हातातून हातात गेली, काम झालं.

कार्नाड मात्र तिला परत आणतात. उत्तरार्धात ती येते ती एकटी, मुलाला शोधत. कप्पण्णा नाहीसा झाला आहे. कुठल्या यक्षिणीने नेला, नागकन्येने नेला की आणखी कुणी, कुणाला ठाऊक नाही. ज्याच्या डोळ्यांनी ती जग पाहत होती तोच गेला आणि आता ती हाका मारत फिरते आहे. इकडे राणी नागदिव्यातून तरते, गाव तिला देवी मानतं, नवरा पायाशी येतो. नाटककार नागासाठी एक शेवट रचतो, तो पटला नाही म्हणून दुसरा रचतो. कुरुडव्वासाठी एकही नाही. जे अद्भुत तिच्या हातून राणीच्या घरात शिरलं, तशाच कुठल्याशा अद्भुताने तिच्या घरातला माणूस नेला, एवढंच आपल्यापुढे राहतं. गोष्ट कन्नड, 1988 सालची, ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन लोककथांवर बेतलेली. मला त्या नाटकातलं सगळ्यात खरं काय वाटतं, असं कुणी विचारलं तर मी राणीच्या दिव्याआधी या म्हातारीच्या हाका सांगेन.

लोककथेच्या मातीतून उभ्या केलेल्या अद्भुत जगाची पारख अशाच माणसांवर होते, असं माझं म्हणणं आहे. त्या जगात चमत्कार फुकट नसतो. त्याची किंमत असते, आणि बहुतेक वेळा ती नायकाच्या खिशातून जात नाही. मुळी देणारी, वाट दाखवणारा, नावाडी, दासी, धाकटा भाऊ, वेशीबाहेरच्या झोपडीतलं कुणीतरी, यांच्या खिशातून ती जाते. लेखक हा हिशेब ठेवतो की नाही, यावरून कळतं की त्याने लोककथा समजून घेतली आहे की तिचे नुसते कपडे उचलले आहेत.

याला विद्वानांकडून येणारा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 साली रशियन परीकथांची चिरफाड करून दाखवलं की या कथांत माणसं नसतातच, कार्यं असतात. एकतीस कार्यं, सात प्रकारच्या भूमिका. त्यातली एक भूमिका ‘दात्या’ची: नायकाची परीक्षा घेऊन त्याला जादूची वस्तू देणारी बाबा यागा असो किंवा वाटेतला म्हातारा, देणं झालं की त्याची भूमिका संपली. मग लोककथेतल्या म्हातारीचं पुढे काय झालं असं विचारणं म्हणजे कथेच्या प्रकृतीविरुद्ध विचारणं, असा याचा अर्थ निघतो.

प्रॉप यांचं विश्लेषण मला मान्य आहे. त्यातून काढलेला हा अर्थ मान्य नाही. त्यांनी कथेचा सांगाडा दाखवला, आणि सांगाड्यात म्हातारी तेवढीच दिसणार. पण कथा सांगणारी आणि ऐकणारी माणसं राजपुत्र नव्हती. ती म्हातारीच्याच घरातली होती. आपण कुणाच्या तरी गोष्टीत मुळी देण्यापुरते आहोत, हे त्यांना रोज कळत होतं. त्यामुळे कथांमध्ये अधूनमधून अशा जागा सापडतात, जिथे सांगाडा बाजूला सरतो आणि हिशेब मागितला जातो.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटली जाते, सगळं गाव घरातलं सगळं दूध आणून ओततं, गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातल्या लेकरांना, सुनांना, गाईवासरांना आधी खाऊपिऊ घातलं आहे आणि उरलेलं खुलभर दूध आणलं आहे. ती ते वाहते आणि गाभारा भरतो. राजा पाळत ठेवून तिला पकडतो तेव्हा ती कारण सांगते: तुझ्या हुकमापायी पोरं आणि वासरं उपाशी तळमळली, ते दूध देवाला कसं पोचेल?

ही भक्तीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिची घडण पाहा. चमत्कार राजाचा आहे, दवंडी राजाची आहे, आणि किंमत वासरं मोजत आहेत. कथेत वासरांना नाव नाही, संवाद नाही. तरीही गाभारा रिकामा राहतो तो त्यांच्यामुळे. देवाचं गणित त्या भुकेवर अडून बसतं. आणि हे राजाला कळत नाही, प्रधानाला कळत नाही, पुजाऱ्याला कळत नाही. ज्या बाईच्या हातून ते दूध रोज वाटलं जातं तिला कळतं. अद्भुताच्या जगाचा नियम तिला ठाऊक आहे, कारण ती त्या नियमाच्या खालच्या टोकाला राहते. एखादा कादंबरीकार नकाशे, वंशावळी, जादूचे मंत्र यांत कितीही पानं खर्च करो, या कहाणीने चार परिच्छेदांत जी जगरचना केली आहे तिच्याजवळ पोचायला त्याला वासरं दिसावी लागतील.

भुताखेतांचंही असंच आहे. आपल्याकडचे भुतांचे प्रकार नीट पाहिले तर ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा पिंपळावर बसतो. म्हणजे ज्यांना घरच्या गोष्टीत कधीच मधली जागा मिळाली नाही, ती माणसं मेल्यावर रानावनात, तिन्हीसांजेला, पाणवठ्यावर आपला वाटा मागायला उभी राहतात. समाजाने ज्या बाईचं बाळंतपण निभावलं नाही, तिला तो विसरू शकला नाही. तिचे पाय उलटे केले आणि तिची भीती बाळगली. ही स्मृती क्रूर आहे, पण ती स्मृती आहे. म्हणून एखाद्या मालिकेत, सिनेमात, कादंबरीत हडळ नुसती केस मोकळे सोडून किंचाळते आणि ती कोण होती याचा पत्ताच नसतो, तेव्हा मला ते लोकपरंपरेचं दालन उघडल्यासारखं वाटत नाही. तिथे फक्त मुखवटा भाड्याने आणलेला असतो.

सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक नवसाच्या चपला वाहतात. साध्या मापाच्या नव्हेत. देवाच्या पायाच्या, चामड्याच्या, हातभर लांब. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेकडे लेखक म्हणून पाहणाऱ्याला तिच्यातून फार मोठी गोष्ट शिकता येते. इथे देव चालतो, तर त्याचे तळ झिजतात. झिजतात, तर नवे लागतात. नवे लागतात, तर कुणीतरी कातडं कमावलेलं असतं, कुणीतरी आरी आणि दोरा घेऊन ते शिवलेलं असतं. गावाला राखणारं अद्भुत अशा रीतीने एका कारागिराच्या हातांवर उभं आहे. तो कारागीर देवळाच्या गोष्टीत नाही, पण तो नसेल तर देव अनवाणी. अद्भुत जग रचणाऱ्याने स्वतःला हाच प्रश्न विचारावा: माझा वेतोबा रात्रभर फिरतो ना, मग त्याच्या चपला कोण शिवतं, आणि त्या शिवणाऱ्याची पोरं काय खातात?

चपला शिवणाऱ्यावरून मला पोलंडमधला एक चांभार आठवतो. क्राकुव शहरातल्या वावेल टेकडीखाली एक राक्षसी सर्प राहत होता अशी तिथली आख्यायिका. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या बखरीत त्याला राजा क्राकची मुलं मारतात. पुढे, सोळाव्या शतकात, त्या जागी स्कुबा नावाचा चांभार येतो. तो मेंढीच्या कातड्यात गंधक भरून सर्पापुढे टाकतो, सर्प ते गिळतो, आग विझवायला विस्तुला नदीचं पाणी पीत सुटतो आणि फुटून मरतो. राजपुत्रांकडून श्रेय चांभाराकडे आलं, हा लोकांनी आपल्या गोष्टीत केलेला सुंदर बदल आहे.

आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाने ही आख्यायिका आपल्या ‘विचर’ कथांमध्ये घेतली आणि पुन्हा उलटवली. त्यांच्याकडे कोझोयेद नावाचा चांभार आहे. तोही मेंढीच्या पोटात विष आणि गंधक भरतो. पण ड्रॅगन मादी आहे, तिच्याजवळ पिल्लू आहे, आणि ती मरत नाही, तडफडत पडून राहते. चांभार शूर नाही, हावरा आहे. खजिन्यात वाटा मिळावा म्हणून आला आहे. गरीब पात्राला खलनायक केलं म्हणून कुणी नाराज होईल. मला त्यात सापकोव्स्कींचा प्रामाणिकपणा दिसतो. दुय्यम माणूस आहे म्हणून तो निरागस असलाच पाहिजे, हा आग्रहही त्याला माणूस होऊ न देण्याचाच एक प्रकार आहे. सापकोव्स्कींनी एवढंच विचारलं की विष घातलेली मेंढी खाल्ल्यावर त्या प्राण्याला काय होतं. आख्यायिकेतलं सर्वांत गप्प पात्र तोच सर्प होता.

पण याच लेखकाची मला जास्त महत्त्वाची वाटणारी कथा दुसरी आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘थोडासा त्याग’ असा आहे आणि ती 1992 सालच्या ‘नियतीची तलवार’ या संग्रहात आहे. तिच्या मागे आहे अँडरसनची 1837 सालची जलपरी. राजपुत्रासाठी आवाज देते, पायांच्या वेदना सोसते आणि शेवटी फेस होऊन जाते. सापकोव्स्कींच्या कथेत जलपरी आहे शीनाझ, राजपुत्र आहे आग्लोव्हाल. दोघंही हट्टी, दोघंही समोरच्यानेच बदलावं म्हणून अडून बसलेले. शेवटी तिला पाय मिळतात, दोघांचं जमतं, गोष्ट गोड होते. मग अँडरसनच्या जलपरीच्या वाट्याला आलेलं दुःख कुठे गेलं? ते कथेच्या कडेला उभ्या असलेल्या एका गायिकेकडे गेलं.

तिचं नाव एस्सी डावेन. ती कवयित्री आहे, नायक गेराल्टच्या प्रेमात पडते, आणि त्याला तिच्यावर तसं प्रेम करता येत नाही. तो तिला एक निळा मोती देतो. त्यांचा मित्र यास्कियर हा शाहीर त्या दोघांवर एक पोवाडा रचतो, ज्यात त्यांचं प्रेम मरणालाही न संपणारं आहे. आणि मग निवेदक आपल्याला, फक्त आपल्याला, सांगतो की तसं काही झालं नाही. दोघं वेगळे झाले, पुन्हा भेटले नाहीत. चार वर्षांनी विझिमा शहरात देवीची साथ आली, तीत एस्सी गेली. यास्कियरने तिला जळत्या चितांमधून हातांवर उचलून बाहेर आणलं, दूर जंगलात पुरलं, आणि तिने मागितल्याप्रमाणे तिची ल्यूट आणि तो मोती तिच्याबरोबर ठेवला.

एक परिच्छेद. एस्सीला लेखकाने एवढंच दिलं, आणि एवढ्यात सगळं दिलं. कारण त्या परिच्छेदात लोककथा कशी तयार होते हेच उघडं पडतं. पोवाड्याला प्रेम हवं, देवीची साथ नको. लोकांपर्यंत पोवाडा जाईल. शंभर वर्षांनी कुणी ती गोष्ट ऐकेल तेव्हा एस्सी त्यात नायिका असेल, पण साथीत मेलेली ही मुलगी त्यात नसेल. पोवाडा आणि चिता दोन्ही शेजारी ठेवून लेखक आपल्याला सांगतो की प्रत्येक गोड शेवटाच्या बाहेर एक जंगल आहे आणि तिथे कुणीतरी पुरलेलं आहे.

याच जगावर बेतलेला ‘द विचर 3: वाइल्ड हंट’ हा व्हिडिओगेम 2015 साली आला. त्यात दलदलीच्या एका प्रदेशात तीन जख्ख चेटकिणी राहतात आणि आसपासची गावं त्यांना देवी मानतात. त्या गावांचं रक्षण करतात, आणि मोबदल्यात लोक कान कापून देतात. एका गावच्या मुखियाला आपल्यासमोर कान द्यावा लागतो. हे बीभत्स आहे, पण लोकधर्माच्या तर्कात ते बरोबर बसतं. राखणदाराला वाटा द्यायचाच असतो, प्रश्न फक्त वाटा कशाचा. पुढे त्याच गेममध्ये टेकडीखाली बांधलेल्या एका आत्म्याला सोडायचं की मारायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. सोडला तर काही अनाथ मुलं वाचतात आणि गाव कापलं जातं. मारला तर गाव वाचतं, मुलं जातात. दोन्हीत नायकाचं काही जात नाही. गेम त्याला ताटकळत ठेवतो, पुढे गावात नेऊन उभं करतो आणि जे झालं ते पाहायला लावतो. कादंबरीपेक्षा गेम हलका असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग खेळून पाहावा.

आपल्याकडे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 2018 साली आला, तेव्हा भय आणि लोककथा यांची सांगड घालणारा इतका नेटका चित्रपट पहिल्यांदाच झाला, असं बऱ्याच जणांनी म्हटलं. मला त्यातला राक्षस हस्तर जेवढा आठवतो त्याहून जास्त ती साखळदंडात जखडलेली म्हातारी आठवते. ती शापित आहे, तिला मरण नाही, तिला भरवायचं काम नायक विनायकच्या आईकडे आहे. प्रॉप यांच्या भाषेत ती दात्री आहे: खजिन्याचं रहस्य तिच्याकडे आहे. पंधरा वर्षांनी विनायक परत येतो तेव्हा तिच्या शरीरातून झाड उगवलेलं आहे. ती रहस्य सांगते, आणि मोबदला मागते तो स्वतःला जाळून टाकण्याचा. देणाऱ्याने मोबदला मागणं, आणि मोबदला म्हणून फक्त सुटका मागणं, यातून त्या वाड्याची सगळी व्यवस्था उलगडते.

त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला विनायकचा धाकटा भाऊ सदाशिव झाडावरून पडून जातो. तो लहान मुलगा आहे, त्याला सोनं नको होतं, जेवण हवं होतं. पुढच्या दोन भागांत कथा त्याच्याकडे वळत नाही. इथे मी दोन मतांमध्ये अडकतो. एक म्हणतं, हे बरोबर आहे. विनायकला सोन्यापुढे भाऊ आठवत नाही, हेच त्याचं वर्णन आहे. दुसरं म्हणतं, विसरणारा विनायक असो, चित्रपटाने विसरू नये. नायकाच्या विस्मृतीची जागा दाखवणं वेगळं आणि त्याच्याबरोबर आपणही विसरून जाणं वेगळं. कार्नाडांनी राणीला कुरुडव्वाचा विसर पडू दिला असता तरी चाललं असतं. त्यांनी प्रेक्षकाला पडू दिला नाही. ‘तुंबाड’ सदाशिवच्या बाबतीत हे अंतर राखत नाही, असं माझं मत झालं आहे, आणि चित्रपट इतका चांगला आहे म्हणूनच ते खटकतं.

प्रत्येक भालदार-चोपदाराची कहाणी सांगत बसलं तर मुख्य गोष्ट कधी सांगायची, असं इथे कुणी म्हणेल. आजच्या अद्भुत कादंबऱ्यांचा रोग नेमका तोच आहे: खानावळीच्या मालकालाही खापरपणजोबा असतात, प्रत्येक शिपायाला परिशिष्टात तीन ओळी असतात. मला ते नको आहे. त्या खापरपणजोबांमुळे खानावळवाला जिवंत होत नाही, फक्त पुस्तक जाड होतं. मला चरित्र नको, परिणाम हवा. कुरुडव्वा थोड्याच प्रवेशांत आहे. एस्सीचा शेवट एका परिच्छेदात आहे. वासरांना कहाणीत उण्यापुऱ्या दोन ओळी आहेत. जागा किती दिली हा मुद्दाच नाही. चमत्कार घडला तेव्हा त्याचा धक्का या माणसांपर्यंत पोचला का, एवढंच पाहायचं. पोचला असेल, तर एका वाक्यात जग उभं राहतं. पोचला नसेल, तर नायकाने कितीही राक्षस मारले तरी ते राक्षस पुठ्ठ्याचेच राहतात, कारण त्यांच्यामुळे कुणाच्याच घरी काही बदललेलं नसतं.

मराठीत आता लोककथांवर आधारलेलं अद्भुत लेखन करू पाहणारे तरुण लेखक आहेत, आणि त्यांच्या हाताशी मोठी सामग्री आहे: वेताळाची पालखी, आसरा, चकवा, देवचार, गिऱ्हा. माझी भीती अशी की परदेशी कादंबऱ्यांच्या साच्यात हे सगळं ओतलं जाईल, निवडलेला मुलगा, हरवलेली तलवार, शेवटची लढाई, आणि गिऱ्हा नुसता एक शत्रू होईल. डोहात माणूस ओढणारा तो गिऱ्हा ज्या कोळ्याला रोज चुकवावा लागतो, त्या कोळ्याकडून गोष्ट सुरू केली तर साचा आपोआप मोडेल. त्याला तलवार मिळणार नाही. त्याला संध्याकाळच्या आत जाळं ओढायचं आहे, पाण्यात उतरण्याआधी काय टाकायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे त्याला ठाऊक आहे, आणि नायक तो नियम मोडून निघून गेला की दुसऱ्या दिवशी त्याच डोहात त्यालाच उतरायचं आहे.

कार्नाडांशी माझं एक भांडण मात्र शिल्लक आहे. ‘नागमंडल’मध्ये कुरुडव्वा आहे तशी ती रखेलीही आहे, अप्पण्णा ज्या बाईकडे रात्री जात होता ती. राणी देवी ठरल्यावर ही बाई राणीच्या घरची जन्मभराची दासी होते, असं एका वाक्यात सांगून नाटक पुढे जातं. त्या वाक्यात समाधान आहे, प्रेक्षकही सुखावतो, कारण कुलुपाचा सूड कुठेतरी निघाला. पण कुलूप तिने घातलं नव्हतं. कुलूप घालणारा अप्पण्णा घरधनी राहिला, राणीच्या पायाशी बसला, मुलाचा बाप म्हणवला गेला. चमत्काराची किंमत इथेही एका बाईकडून वसूल झाली आणि या वेळी नाटकाने तिच्या हाका ऐकवल्या नाहीत. हे नाटक आज करणाऱ्या दिग्दर्शकाला संहितेतला एक शब्दही न बदलता हे सांगता येईल: शेवटच्या प्रवेशात ती बाई रंगमंचावर हवी, राणीचं मूल तिच्या कडेवर हवं, आणि नागाच्या अग्निसंस्काराला लागणारं सरपणही तिनेच आणून रचायला हवं.